पापलेट नेमका कोणता? हाती असलेल्या माशाची जात ठरवण्याची रीत

मासळीबाजारात ‘पापलेट’ या एकाच शब्दाखाली निदान तीन निरनिराळ्या कुलांतले मासे विकले जातात, आणि त्यांपैकी एक तर समुद्रातला नसून दक्षिण अमेरिकेतून आणून तळ्यांत वाढवलेला गोड्या पाण्यातला मासा आहे. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा दर्जा दिला, तेव्हापासून या माशाबद्दल लिहिणाऱ्यांची, छायाचित्रे नोंदवणाऱ्यांची आणि शाळा-महाविद्यालयांतून प्रकल्प करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्या नोंदी उपयोगी ठरायच्या असतील तर मासा कोणत्या जातीचा हे त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ठरले पाहिजे. विकणाऱ्याने सांगितलेले नाव किंवा माशाचा रंग यांवरून ते ठरू नये. हातात अख्खा मासा, एक भिंग आणि एक मोजपट्टी असली की हे काम घरीही करता येते.

आधी शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द जुन्या ग्रंथांत एका पायरीसाठी, तर आजच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्याच पायरीसाठी वापरलेला दिसतो, आणि त्यामुळे वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. म्हणून या लेखात मी तो शब्द टाळला आहे. सर्वांत खालची पायरी ती ‘जाती’, जवळच्या जातींचा गट तो ‘वंश’ आणि जवळच्या वंशांचा गट ते ‘कुल’, असे शब्द येथे वापरले आहेत. शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा असतो. रुपेरी पापलेटाच्या पाम्पस आर्जेन्टियस या प्रचलित नावात पाम्पस हा वंश आहे, आणि आर्जेन्टियस या लॅटिन शब्दाचा अर्थ चांदीसारखा असा आहे.

मासा कसा मांडावा

मासा अख्खा असावा. पर (पोहण्याचे पंख) कापलेला, पोट चिरलेला किंवा बर्फात दबून शेपटी मोडलेला मासा ओळखण्यासाठी अपुरा असतो, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक खुणा परांवर आणि कल्ल्यांच्या कडेवर आहेत. मासा थंड पाण्यात हलकेच धुवावा आणि अजिबात चोळू नये. पापलेटाचे खवले अतिशय बारीक असतात आणि नुसत्या बोटाने निघून येतात. ते किती सहज निघतात हीसुद्धा एक खूण आहे, आणि आधीच चोळून ती घालवली तर पुन्हा तपासता येत नाही.

माशाचे तोंड डावीकडे येईल असा तो थर्मोकोलच्या तुकड्यावर आडवा ठेवावा. पाठीवरचा पृष्ठपर, पोटाखालचा गुदपर आणि शेपटीचा पुच्छपर पूर्ण उलगडून टाचण्यांनी ताणून बसवावेत, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि बरोबर वरून छायाचित्र घ्यावे. ही मेहनत अनेकांना अनावश्यक वाटते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात मिटलेल्या परांच्या छायाचित्रावरून एका कापरीची (पापलेटाच्याच वंशातल्या दुसऱ्या जातीची) नोंद रुपेरी पापलेट म्हणून केली होती आणि ती चूक कित्येक महिन्यांनी, तोच फोटो मोठा करून पाहताना लक्षात आली. पर उलगडलेले असते तर पहिल्याच दृष्टीक्षेपात फरक दिसला असता.

लांबी मोजताना कोणती लांबी मोजली ते लिहिणे अत्यावश्यक आहे. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या परांच्या मुळापर्यंतची ती मानक लांबी, शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतची ती खाचेपर्यंतची लांबी आणि शेपटीच्या टोकापर्यंतची ती एकूण लांबी होय. पापलेटाची शेपटी इतकी खोल दुभंगलेली असते की एकाच माशाच्या या तीन आकड्यांत मोठी तफावत पडते, म्हणून नुसते ‘लांबी २२ सेंटिमीटर’ असे लिहिलेले टिपण पुढे कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

कुल ठरवणे: कल्ल्यांची फट आणि शेपटीचा दांडा

पहिली तपासणी कल्ल्यांच्या झाकणाची करावी. झाकण बोटाने उचलून पाहावे. खऱ्या पापलेटात झाकणाची कड खाली गळ्याच्या मांसाला चिकटलेली असते, त्यामुळे कल्ल्यांचे तोंड म्हणजे माशाच्या बाजूवरची एक आखूड फट एवढेच राहते. हलव्यात, म्हणजे काळ्या पापलेटात, मात्र झाकण खाली गळ्यापर्यंत मोकळे असते आणि सहज पूर्ण उघडते. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, मासा कितीही शिळा झाला तरी ती चुकत नाही, आणि माझ्या मते पापलेट व हलवा वेगळे करण्यासाठी रंगापेक्षा तीच अधिक भरवशाची आहे. हलवा काळपट किंवा तपकिरी असतो हे खरे, परंतु बर्फात राहिल्यावर रंग फिका पडतो आणि पापलेटाची पाठही ताजी असताना बरीच करडी दिसते.

दुसरी तपासणी शेपटीच्या मुळाशी, म्हणजे धड जिथे निमुळते होऊन शेपटीला मिळते त्या दांड्यावर करावी. तिथे शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले असता हलव्याच्या दोन्ही बाजूंवर कडक, टोकदार खवल्यांची ओळ हाताला लागते. अशी ओळ बांगड्याच्या नव्हे तर खटवा, तोळ अशा माशांच्या कुलाची ओळख आहे, आणि हलवा त्याच कुलातला आहे. त्याचे शास्त्रीय नाव पारास्ट्रोमाटियस नायजर असे असून जर्मन अभ्यासक ब्लोख यांनी १७९५ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा त्यांनी त्याला पापलेटाच्या जवळचाच मानून स्ट्रोमाटियस या वंशात घातले होते. आजच्या नावातला ‘पारास्ट्रोमाटियस’ हा शब्द त्या जुन्या समजुतीची आठवण ठेवून आहे. पापलेटाच्या शेपटीचा दांडा पूर्ण गुळगुळीत असतो.

येथे एका सर्रास होणाऱ्या चुकीचा उल्लेख केला पाहिजे. पोटाखाली, अंसपरांच्या (कल्ल्यांच्या लगेच मागे दोन्ही बाजूंना असणाऱ्या परांच्या) खालच्या भागात असणारी श्रोणिपरांची जोडी पापलेटाला नसते, हे बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते बरोबर आहे. परंतु त्यावरून श्रोणिपर नसलेला प्रत्येक चपटा मासा पापलेट ठरत नाही. हलव्याच्या पिलांना साधारण ९ सेंटिमीटर लांबीपर्यंत श्रोणिपर असतात आणि मासा वाढला की ते नाहीसे होतात, त्यामुळे बाजारात येणारा मोठा हलवाही श्रोणिपरांशिवायच दिसतो. श्रोणिपर दिसले तर तो पापलेट नाही, एवढाच निष्कर्ष या खुणेवरून काढता येतो. ते दिसले नाहीत तर पुढे तपासत राहावे.

या अर्ध्या निष्कर्षाचा उपयोग दोन बदली माशांच्या बाबतीत मात्र फार चांगला होतो. पिंजऱ्यांत आणि खाऱ्या पाण्याच्या तळ्यांत वाढवलेला पोम्पानो, म्हणजे ट्रॅकिनोटस वंशातला मासा, रुपेरी आणि उंच शरीराचा असतो व त्याला अनेक ठिकाणी पापलेटाच्या नावाने गिऱ्हाईक मिळते. त्याला श्रोणिपर असतात आणि तो हलव्याच्या कुलातला आहे. दुसरा बदली मासा रूपचंद. तो पियाराक्टस ब्रॅकिपोमस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला गोड्या पाण्यातला मासा असून त्यालाही श्रोणिपर असतात, खवले पक्के बसलेले असतात, पाठीवर मुख्य पराच्या मागे शेपटीजवळ एक लहानसा मांसल पर असतो, आणि ओठ उचलला की दाढांसारखे रुंद, भक्कम दात दिसतात. पापलेटाचे तोंड लहान, किंचित खालच्या बाजूला वळलेले आणि दात इतके बारीक असतात की ते भिंगाखालीच नीट दिसतात. रूपचंद पापलेटाच्या भावात विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि ओठ उचलून पाहण्याइतकी साधी तपासणी ती उघड करते.

मासा साफ करायचाच असेल तर आणखी एक निर्णायक खूण पाहण्याची संधी वाया घालवू नये. कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीच्या लगेच मागे, अन्ननलिकेच्या सुरुवातीला, पापलेटात आतून दातेरी उंचवटे असलेली एक जाड स्नायूंची पिशवी असते. जेलीफिश आणि इतर मऊ तरंगते प्राणी खाणारा हा मासा आपले अन्न तिथे चिरडतो, म्हणून त्याच्या पोटातले खाद्य ओळखता न येण्याइतके बारीक झालेले सापडते. ही पिशवी पापलेटाच्या कुलाची आणि त्याच्या जवळच्या कुलांची खासियत आहे. हलव्यात, पोम्पानोत किंवा रूपचंदात ती नसते. डीएनएच्या अभ्यासानंतर पापलेटाचे कुल आता बांगडा, सुरमई आणि कुपा यांच्याबरोबर एकाच गणात, म्हणजे कुलाच्या वरच्या पायरीत, ठेवले जाते. ताटात शेजारी वाढला जाणारा हलवा पापलेटाला दूरचा आणि बांगडा जवळचा, हे प्रथम वाचताना पटत नाही. परंतु आकारावरून नाते ठरवण्याची सवय किती धोक्याची आहे हे यातून कळते.

वंशाच्या आत: रुपेरी पापलेट की कापरी

कुल पटले की आपल्या किनाऱ्यावर मुख्य प्रश्न उरतो तो रुपेरी पापलेट आणि कापरी यांच्यातला. कापरी म्हणजे पाम्पस चायनेन्सिस. दोन्ही एकाच वंशातले असल्यामुळे वर सांगितलेल्या सर्व खुणा दोघांतही सारख्याच मिळतात, आणि येथेच परांचे बारकाईने निरीक्षण करावे लागते.

पृष्ठपर आणि गुदपर जिथे सुरू होतात त्याच्या थोडे पुढे, पाठीच्या आणि पोटाच्या कडेवर, शेपटीकडून डोक्याकडे अलगद नख फिरवावे. रुपेरी पापलेटात तिथे ५ ते १० चपटी, पात्यांसारखी लहान टोके ओळीने असतात आणि नखाला ती खरखरीत लागतात. कापरीत ती नसतात व कड गुळगुळीत लागते. दोन्ही जागा तपासाव्यात, कारण एका जागी टोके कातडीखाली दबलेली असली तरी दुसऱ्या जागी ती सापडण्याची शक्यता असते.

यानंतर परांचा आकार पाहावा. रुपेरी पापलेटात पृष्ठपर आणि गुदपर यांचा पुढचा भाग कोयत्यासारखा लांब, वळलेला आणि टोकदार असतो, विशेषतः गुदपराचा. शेपटी खोल दुभंगलेली असून तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा स्पष्ट लांब असतो. कापरीत हे पर रुंद, त्रिकोणी दिसतात, शेपटीची खाच उथळ असते आणि तिचे दोन्ही भाग जवळजवळ सारखे असतात. पर टाचण्यांनी ताणून बसवण्याचा आग्रह मी आरंभी धरला तो याचसाठी. मात्र कोयत्यासारखे टोक तुटलेले असू शकते, म्हणून आकार हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरावा मानावा आणि पात्यांची ओळ हा पहिल्या क्रमांकाचा.

शंका राहिलीच तर पृष्ठपराला आधार देणाऱ्या मऊ काट्यांची मोजणी करावी. पर उजेडासमोर धरून, भिंगातून, पुढून मागे एकेक काटा सुईच्या टोकाने बाजूला सारत मोजावा व मोजणी निदान दोनदा करावी. प्रचलित ओळखसूचींत रुपेरी पापलेटासाठी ३७ ते ४३ आणि कापरीसाठी ४३ ते ५० असे आकडे दिलेले आहेत. दोन्ही पल्ले ४३ वर एकमेकांना भिडतात, त्यामुळे ४३ आले तर मोजणीवरून काहीही ठरवू नये. पुढची आखूड पाती या मोजणीत धरायची नाहीत. नवशिके बहुधा तिथेच चुकतात आणि आकडा पाच-सहाने फुगतो.

स्थानिक नावे टिपावीत, पण त्यांवरून जात ठरवू नये. पालघरच्या बाजूला ‘सरंगा’ आणि ‘सुपर सरंगा’ हे शब्द मोठ्या आकाराच्या रुपेरी पापलेटाच्या मालाला लावतात, तर सिंधुदुर्गाकडे हलव्यालाही सरंगा म्हटले जाते. दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबरच असतात; चूक होते ती एका गावचे नाव दुसऱ्या गावच्या माशाला लावणाऱ्या नोंदकाराची. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर अधिकच जपावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा ‘बटरफिश’ पापलेटाच्याच कुलातला, पेप्रिलस वंशातला आहे, परंतु तिथे ‘पोम्पानो’ म्हणून मिळणारा मासा हलव्याच्या कुलातला आहे, जरी त्याचे नाव ‘पापलेट’ या शब्दाच्या पोर्तुगीज मुळाशी अधिक जुळणारे असले तरी.

नाव कोणते लिहावे: आर्जेन्टियस की कॅन्डिडस

आता या विषयातला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग येतो. वरच्या सर्व तपासण्यांतून रुपेरी पापलेट निश्चित झाल्यावर भारतातले बहुतेक ग्रंथ, सरकारी तक्ते आणि प्रबंध त्याचे नाव पाम्पस आर्जेन्टियस असे देतात. हे नाव स्वीडिश अभ्यासक युफ्रासेन यांच्या १७८८ मधील वर्णनावरून आले. त्यांनी वर्णन केलेला मासा दक्षिण चीनमधल्या पर्ल नदीच्या मुखाजवळचा होता. त्यांनी त्याला स्ट्रोमाटियस वंशात घातले होते आणि पाम्पस हा वंश पुढे १८३४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बोनापार्त यांनी स्थापला. म्हणूनच ‘पाम्पस आर्जेन्टियस (युफ्रासेन, १७८८)’ असे लिहिताना वर्णनकर्त्याचे नाव कंसात येते. कंस नसेल तर जातीचे वर्णन मुळात त्याच वंशात झाले असा अर्थ होतो, त्यामुळे नोंदीत हा कंस गाळणे किंवा हौसेने घालणे दोन्ही चूक आहे.

जातीचे नाव एका प्रत्यक्ष जपून ठेवलेल्या नमुन्याशी बांधलेले असते. युफ्रासेन यांचा नमुना उपलब्ध नसल्यामुळे दीर्घकाळ हिंद महासागरापासून जपानपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक रुपेरी पापलेट आर्जेन्टियस या एकाच नावाखाली लोटला गेला. २०१३ मध्ये चिनी अभ्यासकांनी मूळ ठिकाणच्याच माशांतून नवा प्रमाण-नमुना नेमला, आणि आर्जेन्टियस म्हणजे नेमका कोणता मासा हे पुन्हा पक्के झाले. त्याच्याशी ताडून पाहता भारतीय किनाऱ्यावरचा रुपेरी पापलेट वेगळा निघाला. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अभ्यासकांनी डीएनए आणि शरीररचना या दोन्हींच्या आधारे २०१९ मध्ये उत्तर हिंद महासागरातल्या या माशाचे नव्याने वर्णन केले आणि त्यासाठी फ्रेंच अभ्यासक क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये दिलेले जुने नाव परत वापरात आणले: पाम्पस कॅन्डिडस. लॅटिनमध्ये कॅन्डिडस म्हणजे शुभ्र. नवे नाव घडवण्याऐवजी जुने का उचलले, याचे कारण नामकरणाच्या नियमांत आहे; त्या माशाला लागू पडणारे सर्वांत जुने वैध नाव उपलब्ध असताना नवे देता येत नाही.

तेव्हा महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पकडलेल्या, वरील खुणा जुळणाऱ्या माशाची नोंद पाम्पस कॅन्डिडस या नावाने करावी आणि शेजारी ‘जुन्या भारतीय ग्रंथांत पाम्पस आर्जेन्टियस’ असे लिहावे, म्हणजे जुने संदर्भ शोधणाऱ्याचा धागा तुटत नाही. गोठवलेला, कोणत्या समुद्रातून आला हे न कळणारा मासा असेल तर मात्र जातीचे नाव लिहू नये. ‘पाम्पस, जाती अनिश्चित’ एवढीच नोंद प्रामाणिक ठरते. अपुऱ्या पुराव्यावर लिहिलेले पूर्ण नाव पुढे तक्त्यांत, नकाशांत आणि डीएनएच्या कोशांतही शिरते आणि तिथून ते बाहेर काढणे फार कष्टाचे होते. पाम्पस वंशात हा त्रास प्रत्यक्ष घडून गेला आहे.

आर्जेन्टियस आणि कॅन्डिडस यांच्यातला फरक घरच्या साधनांनी सिद्ध करण्याचा प्रयत्न करू नये. अभ्यासक त्यासाठी क्ष-किरण चित्रातून मणक्यांची संख्या, कल्ल्यांच्या कमानीवरच्या काटेरी वाढींची संख्या आणि डोक्यामागे कातडीत दिसणाऱ्या लहरदार रेघांच्या पट्ट्याचा विस्तार पाहतात. आपण एवढे करू शकतो की डोक्यामागचा तो भाग तिरक्या उजेडात जवळून टिपावा आणि ऊतीचा नमुना राखून ठेवावा. अंसपराचा नखाएवढा तुकडा स्वच्छ कात्रीने कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये घालावा. अख्खा मासा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा असेल तर हा तुकडा आधी काढावा, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होते आणि मग तो मासा कितीही सुंदर टिकला तरी त्याच्या जनुकांची तपासणी अवघड होऊन बसते.

बाटलीत टाकायची चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहावी, कारण शाई इथेनॉलमध्ये विरघळते. तीत दिनांक, मासा ज्या बंदरावर उतरला त्याचे नाव, तो कुठल्या पाण्यात आणि डोल की अन्य कोणत्या जाळ्यात सापडला हे नाखव्याला विचारून मिळालेले उत्तर, तिन्ही लांब्या, मऊ काट्यांची संख्या, पाठीच्या आणि पोटाच्या कडेवरची पाती आढळली की नाही, स्थानिक नाव आणि शेवटी आपण ठरवलेले शास्त्रीय नाव, या क्रमाने लिहावे. तोच क्रमांक छायाचित्रावरही घालावा.